दालोलची मिठाची घळ: जाणाऱ्यांसाठी आणि नुसतं वाचणाऱ्यांसाठीही

खारेवारे

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला, त्याची राख तांबडा समुद्र ओलांडून पार आपल्या आकाशापर्यंत आली आणि इकडची काही विमानं रद्द झाली. तेव्हापासून "तू गेली होतीस ते हेच का गं?" असे निरोप येताहेत. हो, हाच प्रदेश. हायली गुब्बी अफार प्रांतात, एर्ता आले ज्वालामुखीच्या शेजारी. मी ज्या जागेबद्दल लिहिणार आहे ते दालोल त्याच्या बरंच उत्तरेला, एरिट्रियाच्या सीमेजवळ. आम्ही दोघं गेलो होतो ते त्याच्या आधीच्या थंडीत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा धागाच काढते.

दालोल म्हटलं की सगळ्यांना ती पिवळीधमक आणि हिरवीगार तळी आठवतात. फोटो त्यांचेच फिरतात. सुंदर आहेत, वादच नाही. पण अर्ध्या तासात डोळे चुरचुरतात, घसा धरतो आणि माणूस रुमाल नाकाला लावून गाडी शोधायला लागतो. माझ्या मते वेळ द्यावा तो त्याच टेकडीच्या कडेला असलेल्या मिठाच्या घळीला. आणि टूरवाले नेमकी तीच गाळतात! आमच्याही गाडीवाल्याने तळी झाल्या झाल्या "झालं, चला" सुरू केलं. ऊन चढत होतं हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पण ठरलेल्या बोलीत घळ होती, त्यामुळे आम्ही गाडीत बसलोच नाही.

आता घळ कशी, ते सांगते. दगडावर मीठ साचलंय असं काही नाही, भिंतीच मिठाच्या. सैंधवाच्या. खाली विटकरी, त्यावर बोटभर पांढरा पट्टा, मग तांबूस, मग मळकट तपकिरी, पुन्हा पांढरा. लांबून कोणीही साधा वालुकाश्म म्हणेल. जवळ गेलं की दिसतं, वरपासून खालपर्यंत उभ्या पन्हळी कोरल्यात. पावसाच्या पाण्याने. दोन पन्हळींच्या मधे जी धार उरते ती काही ठिकाणी इतकी पातळ आहे की पलीकडून ऊन पडलं की धार लालसर उजळते. मोकळे उभे राहिलेले सुळकेही आहेत, पंधरा-वीस मीटर सहज, काही त्याहून उंच. बऱ्याच सुळक्यांच्या डोक्यावर राखाडी रंगाची टोपी. तळाला पांढरा पापुद्रा, चालताना बुटाखाली खडीसाखर चावल्यासारखा आवाज येतो. नवऱ्याने भिंतीला हात टेकवून फोटो काढायला लावला, तळहातावर बारीक ओरखडे घेऊन परत आला आणि मग पाच मिनिटं हात झटकत उभा होता.

आत वारा नाही. थंडीचे दिवस असूनही सकाळी नऊनंतर भिंती तापायला लागतात आणि वरून, समोरून, खालून उजेड येतो. गॉगल नसेल तर डोळे उघडे ठेवणं अवघड. टोपी वरचं ऊन अडवते, पण जमिनीवरून उसळणारं ऊन हनुवटीखाली भाजतं. तिथे सनस्क्रीन लावायचं कोणाच्याही डोक्यात येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. फोटो टाकलेत.

दगडधोंडे

वा! पाचवा फोटो मोठा करून बघा मंडळी, त्या राखाडी टोप्यांत सगळी गोम आहे.

दालोल ज्यात आहे तो दानाकिलचा खोलगट भाग समुद्रसपाटीच्या खाली सव्वाशे मीटरपर्यंत जातो. आफ्रिकेचे दोन तुकडे आणि अरबस्तान, असे तीन भूपट्ट इथे एकमेकांपासून दूर सरकताहेत. त्यामुळे जमीन ताणली जाऊन खचली. तांबड्या समुद्राचं पाणी इथे आत शिरायचं. पुढे वाट बंद झाली की कोंडलेलं पाणी उन्हाने आटायचं आणि मीठ तळाला बसायचं. हे परत परत झालं. सर्वांत अलीकडची मोठी खेप साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वीची, तेव्हाची मेलेली प्रवाळं आजही खोलगटाच्या काठावर कोरडी पडलेली सापडतात. मिठाचे थर काही ठिकाणी किलोमीटरभराहून जाड आहेत. दालोलखाली शिलारस घुसून ते वर उचलले गेले, म्हणून तिथे टेकडी दिसते.

आता टोपी. समुद्राचं पाणी आटताना सगळं एकदम खाली बसत नाही. जिप्सम आधी बसतं, साधं मीठ नंतर, पोटॅशचे क्षार सगळ्यात शेवटी. एक लिटर पाण्यात साधं मीठ साडेतीनशे ग्रॅमच्या वर विरघळतं, जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे पाऊस पडला की जिथे वर जिप्समचं झाकण आहे तिथलं मीठ वाचतं आणि आजूबाजूचं वाहून जातं. सुळका उरतो. घळ अशीच झाली.

आपल्याकडे असं काही उभं राहणं शक्य नाही, कारण एका पावसाळ्यात आटोपेल. तिथे वर्षाला दोनशे मिलिमीटरच्याही आत पाऊस. तरीसुद्धा ही घळ सह्याद्रीतल्या घळींसारखी लाखो वर्षं टिकून राहणारी वस्तू नव्हे. चांगली एक सर आली की धारा बदलतात. दहा वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन तोच सुळका शोधायला गेलात तर सापडेलच असं नाही.

आगरी_पोर

ताई, फोटो बघून पहिल्यांदा आजा आठवला. आमची उरणला मिठागरं होती. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत फिरवायचं, तळ तुडवून घट्ट करायचा आणि मे महिन्यात फळीने मीठ ओढायचं. आम्ही म्हणतो मीठ पिकतं. तुम्ही सांगताय ते पिकवलेलं नाही, फोडलेलं मीठ. तिथे काम करणारी माणसं बघितली का? त्यांच्या पायांचं काय? आमच्याकडे आगरातल्या माणसाचे पाय बघून ओळखायचे.

खारेवारे

@आगरी_पोर, बघितली. ते घळीत नाही, पुढे करुम तळ्याच्या काठी, जिथे नजर जाईल तिथवर सपाट पांढरं आहे तिथे. या तळ्याला असाले असंही म्हणतात. काम वाटून घेतलेलं असतं. काही जण कुऱ्हाडीने पापुद्र्यात चर पाडतात, मग चारपाच जण लाकडी दांडे त्यात खुपसून एका तालात रेटतात आणि अख्खी लादी उचकटून येते. मग दुसरे उकिडवे बसून छोट्या वाकसाने तिच्या चौकोनी विटा तासतात. हात डोळ्यांपेक्षा जलद चालतो. पट्टी नाही, माप नाही, आणि विटा सारख्याच. मग त्या दोरीने बांधून उंटांवर आणि गाढवांवर. तासणारे बहुतेक अफार, लादी उचकटणाऱ्यांत शेजारच्या तिगराय प्रांतातून आलेलेही असतात. मीठ अफारांचं, त्यावरचा हक्क ते सोडत नाहीत.

पायांचं म्हणशील तर बऱ्याच जणांच्या पायात प्लॅस्टिकच्या सँडल. आम्ही जाड बूट, दोन मोजे, डोक्यावर टोपी, हातात क्षाराची पुडी घातलेलं पाणी. तो माणूस पहाटेपासून दुपारपर्यंत तिथे. फोटो काढायचा तर आधी विचारा आणि पैसे द्या. आमच्यातल्या एकाने ड्रोन थेट डोक्यावर आणला तेव्हा उंट बिथरले आणि ज्या शिव्या मिळाल्या त्यांना दुभाषा लागला नाही.

सातासमुद्रापार

माफ करा, पण इतकं कौतुक वाचून कोणी तिकीट काढेल म्हणून लिहितो. मी कामानिमित्त अदिस अबाबाला राहिलोय. २०१२ मध्ये एर्ता आलेवर पर्यटकांवर हल्ला झाला होता, पाच परदेशी मारले गेले. नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ तिगरायमध्ये युद्ध झालं. त्याआधी सगळे तिगरायची राजधानी मेकेले इथून जायचे, तो रस्ताच बंद पडला. मग अफारची राजधानी सेमेरा इथून लोक जायला लागले. एरिट्रियाची सीमा हाकेच्या अंतरावर आहे आणि दोन्ही देशांचं कधी बिनसेल याचा नेम नाही. अशा ठिकाणी हौसेने जायचं का? मी माझ्या घरच्यांना पाठवणार नाही.

खारेवारे

तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आम्ही तारखा तीनदा हलवल्या होत्या. स्थानिक पोलिसांचे बंदूकधारी बरोबर असतात, ते घेतल्याशिवाय तिथे सोडतच नाहीत, आणि कोणाला ते नकोसं वाटत असेल तर ही सहल त्याच्यासाठी नव्हे. निघायच्या आठवड्यात आपल्या दूतावासाची सूचना वाचा, तिथल्या तिथे बेत रद्द करायची मनाची तयारी ठेवा आणि परत न मिळणारे पैसे आगाऊ भरू नका. यापलीकडे मी कोणाला "जाच" म्हणणार नाही. जाणाऱ्याने घळ न बघता परत येऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

भटकभवानी

मी या धाग्याची वाटच बघत होते. पण घळ विरुद्ध तळी या भांडणात मी तळ्यांच्या बाजूने. ताई, अर्धा तास?? मी तर हलायला तयार नव्हते. ते छोटे छोटे मिठाचे गड्डे, त्यांच्या तोंडातून उकळतं पाणी, नवीन गड्डा पांढरा, जुना पिवळा, अजून जुना गंजलेला तपकिरी. म्हणजे रंगावरून वय सांगता येतं! घळ त्यामानाने मला एकसुरी वाटली. ऊनही फार होतं तोवर.

दगडधोंडे

@भटकभवानी, रंगांचं निरीक्षण एकदम बरोबर. पाण्यातलं लोह हवेतल्या प्राणवायूने हळूहळू गंजतं आणि गंधक, मीठ यांच्याबरोबर ते रंग येतात. झरा आटला की आठवड्यांत फिका पडतो, दुसरीकडे नवा फुटतो. पाण्याची आम्लता मात्र चेष्टा नव्हे, सामू, म्हणजे पीएच, शून्याच्याही खाली मोजला गेलाय. पाण्यात बोट घालून बघणाऱ्यांसाठी सांगितलं.

२०१९ मध्ये गंमत झाली होती. त्या पाण्यात अतिसूक्ष्म जीव असल्याच्या खुणा मिळाल्या, असा एक शोधनिबंध आला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने लिहिलं की सर्वांत आम्ल आणि खारट तळ्यांमध्ये जिवंत काहीच नाही, आणि जीवासारखे दिसणारे काही कण नुसते खनिजांचे असतात. मंगळावर जीव शोधणाऱ्यांचं म्हणून तिथे लक्ष असतं. मला स्वतःला दुसरा गट पटतो.

आणि घळीला एकसुरी म्हटल्याबद्दल तुमचा निषेध.

गोंयकार_पात्रांव

मिठाच्या विटा वाचून एक आठवलं. इथिओपियात या विटा चलन म्हणून चालायच्या, अमोले म्हणत. विसाव्या शतकापर्यंत खेड्यापाड्यांत चालू होत्या. १५२० मध्ये पोर्तुगीजांचा जो वकील तिकडच्या राजाकडे गेला त्याचं आरमार आमच्या गोव्याहूनच निघालं होतं. त्याच्याबरोबरचा पाद्री फ्रान्सिस्कु आल्व्हारिश याने पुढे सगळं लिहून ठेवलं, त्यात हे मिठाचे पैसेही आहेत. खाणीपासून जितकं लांब जाल तितकी विटेची किंमत वाढायची. साहजिकच. खिशात पैसे ठेवून पावसात भिजलं की दिवाळं!

मिरजकर_मास्तर

या निमित्ताने मलिक अंबरची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. जन्माने तिकडचाच. गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ता झाला, खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं. नहरींची त्याची व्यवस्था बघून वाटतं, पाण्याची किंमत कळलेला माणूस होता.

दगडधोंडे

मास्तर, मलिक अंबर दानाकिलच्या वाळवंटातला नव्हे, इथिओपियाच्या दक्षिणेकडचा किंवा पूर्वेला हरारच्या बाजूचा समजतात. तिकडे पाऊस बरा आहे. त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला येतो.

मुक्काम_पोस्ट_ठाणे

कामाचं विचारते. आम्ही दोघी मैत्रिणी, दोघी शाकाहारी, वय पन्नाशीच्या पुढे. खाण्याचं काय? लशी कोणत्या? आणि किती उकडतं ते खरं सांगा.

खारेवारे

@मुक्काम_पोस्ट_ठाणे, खाण्याची चिंता सोडा. इथिओपियातले सनातनी ख्रिस्ती लोक बुधवार, शुक्रवार आणि इस्टरच्या आधी कित्येक आठवडे उपास करतात, आणि त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध, लोणी काहीच चालत नाही. त्यामुळे "सोम", म्हणजे उपासाचं, म्हटलं की आचाऱ्याला कळतं. इंजेरा ही टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मोठी मऊ भाकरी, वर शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचं तिखट कालवण. आपल्या पिठल्याची सवय असलेल्या माणसाला ते पहिल्याच घासाला ओळखीचं वाटतं. तिथे कोणी इंजेरा आंबट लागतो म्हणून नाक मुरडलं तर त्याच्या वाटचं मी खाल्लं. अफार भाग मात्र मुसलमानांचा, तिथे बकरी आणि उंटिणीचं दूध. टूरचा आचारी बरोबर असतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

लस: पीतज्वराची. ही तिकडे जाण्यासाठी लागते त्यापेक्षा परत येताना जास्त लागते. इथिओपियाहून भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसलं तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते. वयाची साठी उलटली असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

उकाडा: १९६० ते १९६६ या काळात दालोलच्या खाणवस्तीत नोंदी ठेवल्या होत्या. वर्षभराची, दिवसरात्रीची मिळून सरासरी साडेचौतीस अंशांच्या आसपास! वस्ती असलेल्या जागेसाठी जगात नोंदलेली ही सर्वांत जास्त सरासरी. जूनमध्ये जाण्याचा विचारही करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. तेव्हाही दुपारी पस्तिशीच्या वर जातं, पण पहाट सुखाची असते. गंमत म्हणजे घाम येतोय हे कळतच नाही, तिथल्या तिथे उडून जातो. संध्याकाळी काळ्या सदऱ्याच्या पाठीवर पांढरे नकाशे दिसतात तेव्हा कळतं किती गेला. तहान लागायची वाट बघू नका, आणि नुसतं पाणी ढोसू नका, क्षाराच्या पुड्या घ्या. जीरे-मीठ घातलेलं लिंबूसरबतही चालतं. आम्ही पूड घरूनच नेली होती. (मिठाच्या वाळवंटात ठाण्याहून मीठ नेलं म्हणून नवरा अजून हसतो.)

एक घड्याळाचं. तिथे दिवस सकाळी सहाला सुरू होतो, आपल्या घड्याळाच्या सहा तास मागे. वाटाड्या म्हणाला "अकराला निघू", तर ती पहाटेची पाच. दर वेळी विचारून घ्या, कुठलं घड्याळ. पंचांगही वेगळं, तेरा महिन्यांचं, आणि वर्ष आपल्यापेक्षा सात-आठने मागे. त्यामुळे परवान्यावरची तारीख बघून दचकू नका.

आगरी_पोर

आणखी एक. तिथलं हे मीठ अजून बाजारात चालतं का? का नुसतं पर्यटकांसाठी?

सातासमुद्रापार

चालतं, पण कमी झालं. अफारमध्येच दक्षिणेला अफदेरा तळं आहे, तिथे खारं पाणी पंपाने वाफ्यांत सोडून मीठ करतात, तुमच्या उरणसारखंच. शहरांतलं आयोडीनवालं मीठ बरंचसं तिथलं. डोंगराळ भागात विटेचं मीठ गुरांना चाटायला अजून लागतं. त्यात खाली पक्का रस्ता आला, मग मालमोटारी आल्या. उंटांचे तांडे दिसले तर नशीब समजा, पूर्वी हजारोंनी जात. माझी जाण्याबद्दलची हरकत कायम आहे, पण हे बघायला मिळालं त्यांचा हेवाही वाटतो, खोटं कशाला बोलू.

भटकभवानी

कॅमेऱ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. भिंगं तिथे बदलू नका. मिठाची धूळ आणि गंधकाची वाफ, दोन्ही धातूला खातात. परत आल्यावर तिपाईचे पाय नळाखाली धुवा, माझ्या तिपाईचे स्क्रू महिन्याभरात गंजून अडकले. बुटांचंही तसंच. चांगले नवे बूट न्यायचेच नाहीत. ज्यांना कचऱ्याची वाट दाखवायची आहे ते न्या. आणि घळीत जाताना जड पिशवी गाडीत ठेवा, दोन्ही हात मोकळे हवेत, कारण तोल गेला तर तुम्ही भिंतच धरणार, आणि भिंत कशी आहे ते ताईंच्या यजमानांना विचारा. बागकामाचे हातमोजे उत्तम.

मुक्काम_पोस्ट_ठाणे

सगळ्यांचे आभार, लशीचं तर अजिबात माहीत नव्हतं. शेवटचा प्रश्न. माझ्या मैत्रिणीचे गुडघे दुखतात. घळीत चढउतार किती? आणि राहायची सोय, म्हणजे... सोय कशी?

खारेवारे

घळ जवळपास सपाट आहे, गाडी तोंडापर्यंत जाते, हवं तितकंच आत जा आणि वळा. त्रास आहे तो दालोलच्या टेकडीवर चढताना. चढ मोठा नाही, पण पायवाट ओबडधोबड मिठाची, खाली पोकळ आवाज येतो अशा जागा आहेत, तिथे वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवूनच चालायचं. काठी न्या. वाटाड्याला सांगून उलटा क्रम ठरवा. पहाटे आधी घळ, मग तळी, आणि मैत्रिणीला नाही जमलं तर ती खाली गाडीपाशी थांबेल. पहाटेच्या तिरप्या उन्हात घळीचे रंगही जास्त उठतात. (@भटकभवानी, तुम्ही दुपारी बघितलीत म्हणून एकसुरी!)

राहायचं हामेद एला या वस्तीपाशी. उघड्यावर लाकडी खाट, त्यावर दोऱ्या विणलेल्या, वर पातळ गादी. रात्रभर गरम वारा. आंघोळ विसरा, तोंड धुवायला बाटलीतलं पाणी. आणि सोय म्हणजे... मोकळं मैदान, झुडूपही नाही, त्यामुळे अंधार असताना उरकायचं. दोघी आहात ते बरं, एकीने चादर धरायची. एक मोठी गडद रंगाची चादर आणि कपाळावर बांधायचा दिवा नक्की घ्या.